माघारीची कथा

आमच्या टेपाच्या वाडीत त्या काळी मरणं कमी झाली होती आणि त्याचा सगळ्यांत जास्त घोर गोविंदाआबाला लागला होता.

हे ऐकून कुणी म्हणेल, काय माणूस आहे. पण आबा वाईट माणूस नव्हता. कार्ल्याच्या वर डोंगराच्या सोंडेवर आमची पंधरा-वीस घरं. पूर्वी श्रावण-भादव्यात हिवतापानं घराघरातून एकेक माणूस जायचं. मग सरकारचे फवारेवाले पाठीला डबे लावून डोंगर चढून यायला लागले, देवी टोचणारे आले आणि पोरं जगायला लागली. म्हातारीकोतारी आजारी पडली तर आम्ही त्यांना डोलीत घालून खाली दवाखान्यात न्यायला शिकलो. त्यातली काही तिकडंच गेली आणि तिकडंच जाळली गेली. मी रेल्वेत गँगमन, लोणावळ्याच्या घाटात रूळ ठोकणारा, वाडीतला पहिला सातवी पास. हे सगळं चांगलंच झालं असं मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो.

पण वाडीची एक कथा होती आणि ती मेलेल्या माणसाशिवाय सांगता येत नव्हती.

वाटेची कथा म्हणायचे तिला. माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी भाताच्या पेंढ्याचा त्याचा पुतळा करायचा. माणसाएवढाच, अंगात त्याचेच कपडे, छातीच्या जागी मडकं बसवलेलं. मडक्याच्या तोंडावर काशाची थाळी, आणि थाळीच्या मधोमध मेणानं उभी चिकटवलेली वाळकी काडी. ओल्या बोटांनी काडी वरून खाली ओढली की थाळी घुमते, तिच्याखाली मडकं घुमतं आणि आवाज पुतळ्याच्या पोटातून आल्यासारखा वाटतो. सकाळी उजाडताच आबा पुतळ्याशी बसायचा, काडी ओढायचा आणि सांगायला लागायचा. वाडीच्या वेशीवरून निघून कोणती खिंड ओलांडायची, कोणत्या पाण्यावर तहान लागली तरी थांबायचं नाही, कोणत्या झाडाखाली कोण बसलेलं असतं आणि त्यानं विचारलं तर काय उत्तर द्यायचं, शेवटचा घाट उतरून वाडवडिलांच्या गावात कसं शिरायचं. उन्हं कलेपर्यंत कथा चालायची. मध्येच एकेक जण उठून पुतळ्याजवळ जायचा, स्वतः काडी ओढायचा, गेलेल्याकडून आपण काय शिकलो ते सांगायचा आणि म्हणायचा, "ते माझ्याकडं ऱ्हायलं. तू जा." कुणी नांगर धरायला शिकलेला असायचा, कुणी मध काढायला, कुणी नुसत्या शिव्या द्यायला. शिव्यांचंही सांगायचे आणि लोक हसायचे.

कथा संपली की पुतळा खिंडीत नेऊन ठेवायचा आणि मागं न बघता यायचं. त्यानंतर त्या माणसाला नावानं हाक मारायची नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. बोललं तर तो वाटेतून वळतो आणि घरातल्या आणखी कुणाला बरोबर नेतो. ही रीत आमच्याच वाडीची. शेजारच्या वाड्यांतली माणसं आम्हाला यावरून हसायची, आणि हसू देत म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

कथा शिकायची तीही अशीच, पुतळ्यासमोर बसून. एरवी तिच्यातला एक शब्द तोंडातून काढायचा नाही. पुतळा नसताना वाट सांगितली तर वाट उघडते आणि जिवंतांतलं कुणीतरी तिच्यावर चालायला लागतं. पूर्वी यात काही अवघड नव्हतं, शिकणाऱ्याला एका पावसाळ्यात पोटभर ऐकायला मिळायचं. ज्यांनी हा नियम घातला त्यांना फवारेवाल्यांचं स्वप्न पडायला हवं होतं काय?

आबाच्या पोरांना कथा नको होती. एक परंदवडीकडे कामाला लागला होता, दुसरा कार्ल्याच्या फाट्यावर ताक विकायचा. शिकत होती ती पुतणी, बाया. लवकर रांडाव होऊन माहेरी आलेली, लोणावळ्याच्या बंगल्यांवर सरपणाच्या मोळ्या टाकून पोट भरणारी. अबोल बाई. पण एकदा ऐकलं की तिच्या डोक्यातून जायचं नाही. अर्धी वाट तिला पाठ झाली होती, पण शेवटचा घाट हातात येत नव्हता. तो इतका वळणावळणाचा की नुसता एकदा-दोनदा ऐकून भागण्यासारखा नव्हता. मरणंच होत नव्हती, तर ती शिकणार कशी?

अशात आबाच्या गळ्याला गाठ आली. मीच त्याला पुण्याला नेलं. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं की आधी आवाज जाईल आणि मग माणूस. येताना गाडीत आबा म्हणाला, "काय म्हनला, ते सांगू नगंस. मला फकस्त एवडं सांग, आवाज किती दीस टिकंल?" मी म्हणालो, होळीपर्यंत.

बायाला मी कधी रडताना बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. ती म्हणाली, "आबानं समद्यास्नी पोचवलं. आबाला कोन पोचवनार?"

मग वाडी मरणाची वाट बघायला लागली. खोटं कशाला सांगू, मीही बघत होतो. आमच्यात कस्तुराबाई सगळ्यांत म्हातारी, दात नाहीत, दिसत नाही, अंथरुणाला खिळलेली. येणारा-जाणारा तिच्या दारात थांबून चौकशी करायला लागला, तशी एक दिवस ती खेकसली, "माज्याकडं काय बघताय रं भाड्यांनो? मी न्हाई मरत. लय घाई आसंल तर तुमी मरा." आणि दुसऱ्या दिवशी उठून ती अंगणात येऊन बसली. आम्ही हसलो, पण आबा हसला नाही.

शिदूचं नाव त्यानंच काढलं.

शिदू सावित्राबाईचा एकुलता एक, माझ्या बरोबरीचा. पानशेत फुटलं त्याच्या आदल्या साली कंत्राटदाराच्या टोळीबरोबर रुळाच्या कामावर लांब उत्तरेकडं गेला तो गेलाच. निरोप नाही, सांगावा नाही. टोळीतलं कुणी परत आलं नाही, की ज्याला विचारावं. सावित्राबाई रोज बाजूच्या चुलीवर त्याच्या वाटची भाकरी थापायची आणि दुसऱ्या दिवशी म्हशीला घालायची. तो मेला असं कुणी तिच्या तोंडावर म्हणत नव्हतं आणि तो जिवंत आहे असंही म्हणत नव्हतं.

आबा तिच्या ओट्यावर जाऊन बसला. मी बरोबर होतो. आबाला बोलताना दम लागत होता.

"साईत्रा, तुज्या पोराची वाट सांगू का?"

तिनं सुपातल्या तांदळातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "आन तो जित्ता आसला म्हंजी?"

"मेला आसंल तर उपाशी भटकतोय. त्याला कुनी वाट सांगितली न्हाई. ते तुला चालतंय का?"

"आन जित्ता आसला म्हंजी?" तिनं पुन्हा तेच विचारलं.

तेव्हा आबानं आठवण करून दिली की माघारीचीही कथा असते. चुकून धाडलेला माणूस परत आला तर त्याला माघारी घ्यायची. आबाच्या बापानं ती एकदा सांगितली होती, बर्माच्या लढाईत मेला असं कळवलेला एक जण दारात येऊन उभा राहिला तेव्हा. आबा तेव्हा बापाच्या मांडीला मांडी लावून बसला होता, त्याला ती पाठ होती. "तुजा पोरगा आला तर मी त्याला माघारी आनीन," आबा म्हणाला. "माजा सबुद हाय."

सावित्राबाईनं घरात जाऊन शिदूचा शर्ट आणला. खांद्याजवळ विरलेला, धुऊन घडी घातलेला. तो तिनं आबाच्या हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला आणि परत तांदूळ निवडायला बसली.

मला तेव्हाच राग आला होता. पण राग कुणाचा, ते नक्की सांगता येत नव्हतं. बायासाठी, कथेसाठी, वाडीतल्या सगळ्या पुढच्या मेलेल्यांसाठी आम्ही एक माणूस मारत होतो, आणि त्याच्या आईनं त्याला कपडे दिले होते.

पुतळा कोंडाजीनं केला. शेतातली बुजगावणी तोच करायचा, हात चांगला. शिदूचा डावा खांदा लहानपणी झाडावरून पडल्यापासून थोडा खाली असायचा, कोंडाजीनं पेंढा तसाच दाबून बांधला. शर्ट चढवल्यावर तो शिदूच दिसायला लागला. कोयनेचा भूकंप झाला त्या थंडीतली गोष्ट ही, उन्हात बसायला बरं वाटत होतं. आबानं काडी ओढली. त्याचा आवाज चिरका झाला होता, पण शब्द एकही सुटला नाही. बाया त्याच्या समोर बसून होती, पापणी न हलवता. शेवटच्या घाटाशी आल्यावर आबा सावकाश सांगायला लागला, एकेक वळण तिच्या हातात दिल्यासारखं, आणि तिचे ओठ हलताना मी बघितले.

मी उठून काडी ओढली. मडक्यातला हुंकार माझ्या कोपरापर्यंत आला. "तू मला पवायला शिकवलंस," मी म्हणालो, "इंद्रायणीच्या डोहात ढकलून. ते माझ्याकडं ऱ्हायलं. तू जा."

सगळ्यांत शेवटी सावित्राबाई. तिनं काडी ओढली, थाळी घुमत राहिली. आईनं पोराकडून काय शिकायचं असतं? ती म्हणाली, "वाट बघायला शिकले. ते माज्याकडं ऱ्हायलं. तू जा."

पुतळा आम्ही खिंडीत ठेवून आलो. त्या दिवसापासून सावित्राबाईनं दुसरी भाकरी थापली नाही.

बाया आता पुरी तयार झाली होती. फक्त माघारीची कथा राहिली होती. तिनं आबाला विचारलं, तेव्हा मीही तिथं होतो. आबानं मान हलवली. त्याचा आवाज तोवर कुजबुजीवर आला होता. "आला न्हाई त्याला माघारी कसा आनू? वाट उगडली आन यायचा तो आला न्हाई, तर दुसरंच कायतरी हितं यील."

"मग उलटी सांगितली तर?" बायानं विचारलं. "घाटापास्नं वेशीपतूर?"

"न्हाई. गेल्या वाटंनं माघारी येता येत न्हाई. ती वाट येगळी हाय." एवढंच तो बोलला. होळीच्या आधीच त्याचा आवाज गेला आणि ज्येष्ठात तो गेला.

आबाची कथा बायानं सांगितली. आम्ही सगळे धास्तीनं बसलो होतो. पण ती कुठं अडली नाही. खिंड, पाणी, झाडाखालचा म्हातारा, घाटाची सगळी वळणं. आबाच्या म्हाताऱ्या बहिणीनं बायाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. वाडीची काळजी मिटली असं मला वाटलं आणि मी कधी नव्हे तो खूश होऊन कामावर गेलो.

दिवाळीच्या रजेवर घरी येताना कार्ल्याच्या फाट्यावर एसटीतून उतरलो, तर भज्यांच्या टपरीपुढं पत्र्याची पेटी घेऊन शिदू उभा.

मी त्याला आधी खांद्यावरून ओळखलं. अंगानं भरला होता, मिशी ठेवली होती, एक पाय ओढत होता. मला बघून तो एवढ्या मोठ्यानं हसला की टपरीवाल्यानं मान वर केली. "हनमंता! आरं, आई हाय न्हवं?"

"हाय," मी म्हणालो.

रुळाच्या कामावर पाय मोडला होता, मग टोळी पुढं गेली, हा मागं राहिला. लिहितावाचता येत नव्हतं. एका माणसाबरोबर निरोप धाडला होता, तो माणूस कुठं गेला ते देवाला ठाऊक. पोट भरलं, चार पैसे गाठीला बांधले आणि आला. यात कुणाची काय चूक? तो बोलत होता आणि मी भज्यांच्या कढईकडे बघत होतो. मेलेल्या माणसाला तू मेलास हे कसं सांगतात ते सातवीपर्यंतच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

चढणीला लागल्यावर सांगितलं. तो आधी हसला. मग चालता चालता थांबला.

"पुतळा कुनी केला?"

"कोंडाजीनं."

"आन तू काय म्हनलास?"

"पवायचं म्हनलो."

"बरं म्हनलास," शिदू म्हणाला. "आई काय म्हनली?" ते मी सांगितलं नाही. तो परत चालायला लागला. "आबा हाय ना? मग काय भ्या न्हाई. आबा आनील मला माघारी." त्यालाही लहानपणापासून ते ऐकून ठाऊक होतं.

आबा गेल्याचं मी त्याला खिंडीत सांगितलं. पुतळा तिथं नव्हता, पावसानं पेंढा कुजून वाहून गेला होता, फक्त मडक्याच्या खापऱ्या होत्या.

सावित्राबाई दारात उभी राहिली. बाहेर आली नाही. एका हातानं चौकट धरून होती. शिदू "आई" म्हणाला. तिनं त्याच्याकडं बघितलं, डोळे भरून बघितलं, आणि बोलली ती माझ्याशी. "हनमंता, त्याला म्हनावं, पाय कशानं मोडला?"

मी म्हणालो, "मावशी, तो समोर हाय. त्याला इचार."

"त्याला म्हनावं, गोठ्याच्या पल्याड बस. मी भाकरी धाडते."

मी चिडलो. तोंडाला येईल ते बोललो, आंधळ्या समजुती म्हणालो, रेल्वेत कुणी हे ऐकलं तर थुंकेल म्हणालो. कोंडाजी शांतपणे म्हणाला, "मग तू ने त्याला तुज्या घरी. तुजी पोरं हायत ना घरात? जेवू घाल त्यास्नी त्याच्या शेजारी." आणि मी शिदूला घरी नेलं नाही. माझी धाकटी चिंगी तेव्हा अंगावर पीत होती. मनात म्हणालो, कशाला विषाची परीक्षा. मग इतरांना मी कोणत्या तोंडानं शिव्या द्याव्यात?

शिदू गोठ्यापलीकडच्या पडवीत राहिला. कुणी त्याला वाईट बोललं नाही, बोलायचंच नव्हतं. सावित्राबाई त्याच्या आवडीची नाचणीची भाकरी आणि खेकड्याचं कालवण करायची, आणि मी ते नेऊन द्यायचो. रोज ती मला विचारायची, "त्यानं खाल्लं का?" आणि पडवी तिच्या चुलीपासून दिसत होती.

सगळी वाडी बायाच्या मागं लागली. बाया म्हणाली, मला येत नाही. सावित्राबाई तिच्या पायाशी बसली. "काय बी सांग. आबाची सय करून सांग. तू आबाची हायस, तुला सुचंल."

"मावशी, ही सुचायची गोष्ट न्हवं."

"मग मी काय करू?" सावित्राबाई म्हणाली. "माज्या पोराला हाक मारल्याबिगर मी मरू?"

मीच बायाला म्हणालो, सांग. खोटं तर खोटं, लोकांचं मन निवेल, पोरगा घरात येईल. मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

या वेळी पुतळा नव्हता. अंगणात शिदूच उताणा झोपला, त्याच्या छातीवर मडकं आणि मडक्यावर थाळी. तो श्वास घ्यायचा तशी काडी हलायची. बायानं बोटं ओली केली आणि सुरुवात केली. आबा म्हणाला होता वाट वेगळी, म्हणून तिनं वेगळी वाट बांधली. समुद्राकडून, नदीच्या उगमाशी वळून, करवंदीच्या जाळीतून. चांगली बांधली होती. पण झाडाखालच्या म्हाताऱ्याच्या जागी कोण बसवावं यापाशी ती थांबली. फार नाही, एक श्वासभर. डोळे वर गेले, ओठ दाबले गेले, आणि मग तिला सुचलं. अंगणात बसलेल्या प्रत्येकानं ते बघितलं.

आम्ही एकेक जण उठून काडी ओढली. "ते परत घे. तू ये," असं म्हणायचं ठरलं होतं. माझ्या बोटांखाली आवाज नीट निघेना, जिवंत छातीवर मडकं घट्ट बसत नव्हतं. सावित्राबाई उठली. तिनं काडी ओढली आणि मोठ्यानं हाक मारली, "शिदू! ये रं माज्या बाळा." बायका रडायला लागल्या. शिदू उठून बसला. कोंडाजीनं त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि मला वाटलं, जमलं.

दुपारी सावित्राबाईनं त्याला घरात घेतलं. मलाही जेवायला थांबवलं. तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं. शिदूसाठी पळसाच्या पानावर भाकरी आणि भात वाढला, ते पान दाराच्या आत उंबऱ्याशी ठेवलं, आणि पाठ फिरवून मागं न बघता चुलीपाशी जाऊन बसली.

तिनं हे मुद्दाम केलं नव्हतं. सर्वपित्रीला पान ठेवतात तसं तिच्या हातानं ते ठेवलं. चुलीपाशी बसल्यावर तिच्या ते ध्यानात आलं आणि तिनं पदर तोंडात कोंबला, पण उठून ते पान उचलायचं धाडस तिला झालं नाही. शिदू त्या पानाकडे बघत राहिला. मग मांडी घालून उंबऱ्याशी बसला आणि सगळं जेवला, शीतसुद्धा ठेवलं नाही.

सकाळी मी त्याला फाट्यापर्यंत पोचवायला गेलो. मी म्हणालो, थांब थोडे दिवस, होईल सवय. तो म्हणाला, "तिच्या हाताला ठावं हाय, हनमंता. तोंडानं बोलली ती माज्यासाटी." एसटी आली. त्यानं पेटी वर टाकली आणि कुठं जातो ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण सावित्राबाईनं मला विचारलं असतं.

बायानं थाळी उतरंडीमागं ठेवून दिली. सावित्राबाई तिच्याकडं आली ती पौषात. मी बायाच्या छपराची काठी बदलत होतो, दोघींनी मला हिशेबात धरलंच नाही.

"एक इचारते. खरं सांग. त्याला माघारी आनलास ते तुज्या मनचं व्हतं न्हवं?"

"व्हय," बाया म्हणाली.

"आन त्याला धाडला ते?"

"ते आबाचं. आबानं त्याच्या बापाकडनं घेतलेलं."

"कशावरनं? तू बी तशीच काडी वडून सांगत व्हतीस. मी जरा लांब बसले आसते तर मला कळलं नसतं. तुज्या आबाला कंदी सुचलं नसंल? त्याच्या बापाला?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मी माजं पोर कुनाच्या सबदावर धाडलं, तेवडं सांग."

बाया उतरंडीमागच्या थाळीकडं बघायला लागली. मी छपरावर होतो, माझ्या हातातली सुंभाची गाठ तशीच राहिली. त्या क्षणी आमच्या वाडीचं काय गेलं ते मला कळलं. पण मला ते अडवता येत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात सावित्राबाई गेली. ताप आला आणि तिनं दवाखान्यात यायला नकार दिला. तिसऱ्या दिवशी कोंडाजीनं पुतळा केला, लहानसाच, ती तेवढीच उरली होती. पाऊस होता म्हणून ओसरीत बसलो. बाया आली, थाळी ठेवली, बोटं ओली करून काडी ओढली. मडकं चांगलं घुमलं.

"वाडीच्या येशीवरनं नीग," बायानं सुरुवात केली. "म्होरं खिंड लागंल. खिंडीच्या उजव्या अंगाला..."

आणि ती थांबली. शब्द विसरली नव्हती, मला तिच्या तोंडावरून दिसत होतं. शब्द समोर होता, पण तो आबाचा की तिचा, हे तिला ठरवता येत नव्हतं. ती काडी ओढत राहिली. थाळी घुमत होती आणि सगळे वाट बघत होते. थोड्या वेळानं तिचा हातही थांबला.

आबाचा फाट्यावरचा पोरगा उठला, त्याला दुपारच्या एसटीनं वडगावला जायचं होतं. त्याच्यामागं आणखी दोघे उठले. उरलेल्यांनी पुतळा उचलला आणि पावसात खिंडीकडं नेला. सावित्राबाईकडून मी काय शिकलो ते मी मनात जुळवून ठेवलं होतं, पण ते ऐकायला कुणी उरलं नव्हतं.